जयगडच्या वाटेवर आपण दोघी

ईनबाई,

परवा तुमची तेरवी झाली. वरणात मीठ कमी पडलं होतं. पंगतीत कोणी बोललं नाही, सगळे मुकाट्यानं जेवत राहिले. माझे कान मात्र आतल्या दाराकडे लागले होते. आत्ता आवाज येईल, "काहून व, मिठाचा डबा कुलपात ठेवला का?" आवाज आला नाही. तुम्हाला नेलं तेव्हा मी तिथं उभी होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तुम्ही गेलात हे मला त्या अळणी वरणानं पटवलं.

घाटंजीची माणसं येऊन तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेली. फार शांत स्वभावाच्या होत्या, असं एकजण म्हणाला. मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, विहिणीला हुंदका आला. मी हसू आवरत होते. तुम्ही आणि शांत! ज्या बाईनं माझ्या मांडवात, माझ्याच दारात, पाय धुवायच्या वेळी पाय मागे घेऊन विचारलं होतं, "पाणी थंडं हाय. यवतमाळात चुली पेटत नाई का?" आम्ही कचेरीतली माणसं. चारचौघांत आवाज चढवायची आम्हाला सवय नाही. मी गरम पाणी आणवलं, तुमचे पाय धुतले आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं बंद केलं. तुमच्या मधुकरला माझी कुसुम दिली होती, म्हणून वरवर बोलावं लागे. आपल्याकडे विहिणीला ईन म्हणतात. तेवढा एक शब्द आपल्या दोघींत होता. मी तुम्हाला ईनबाई म्हणे, तुम्ही मला ईनबाई म्हणत होता. दोघींच्या तोंडी तो शब्द चिमट्यात धरल्यासारखा यायचा.

आज मी तुमचे गुण सांगायला बसलेली नाही. ते काम घाटंजीकरांनी केलं आहे. मला त्या एका दिवसाबद्दल बोलायचं आहे. तो दिवस आपण दोघींनी मिळून काढला आणि नंतर सहा वर्षं त्यावरून भांडत राहिलो.

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि आपल्या भागातल्या नोकरदार मुलांच्या बदल्या कुठच्या कुठे होऊ लागल्या. मधुकर बांधकाम खात्यात ओव्हरसियर. त्याला रत्नागिरी मिळाली. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "नकाशा यांयनं बदलला, अन् पोरगं माहं समुद्रात फेकलं." नवरा लवकर गेलेला, मास्तराच्या तुटपुंज्या शिल्लकीवर एकुलतं एक पोरगं वाढवलेलं, तुमचा संताप मला समजत होता. पण माझीही लेक त्याच्यामागे गेली होती, हे तुमच्या बोलण्यात कधी येत नसे.

मग कुसुमला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणाला सांगायला हवं? मी सातव्या महिन्यात तिला यवतमाळला आणायचं म्हणत होते. तुम्ही नाही म्हणालात. घाटाची एसटी, दोन मोठ्या गाड्या, मग मूर्तिजापूरहून आपली छोटी गाडी. एवढे हादरे पोटुशी बाई कशी सोसणार, असं तुमचं म्हणणं. "पोरगी तिथंच राहू द्या. आपुन दोघी जाऊ," असं तुम्ही आमच्या ओसरीवर येऊन ह्यांना सांगितलंत आणि ह्यांना ते पटलं. मला पटलं नाही. तरी तिचे दिवस भरत आले तेव्हा मी तुमच्याबरोबर निघाले. हे आपल्याला कोल्हापूरपर्यंत सोडून परतले. घाट उतरताना मला मळमळत होतं. तुम्ही काही न बोलता खिडकीची जागा मला दिलीत आणि एक लिंबू हातात ठेवलंत. मग लगेच म्हणालात, "पाह्यलं? तुमचे हे हाल, मंग त्या पोरीचे काय झाले असते?" लिंबूसुद्धा तुम्हाला भांडणाशिवाय देता येत नव्हतं.

बाळ जन्माला आलं ते रडलंच नाही. मुलगी होती.

कोणाचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं आणि आज मीही तसंच म्हणेन. पण त्या दोन खोल्यांच्या घरात तेव्हा आपण दोघी काय करत होतो, आठवतं? एकमेकींशी सरळ बोलत नव्हतो. भिंतीशी बोलत होतो. मी भांडी लावता लावता म्हणायची, यवतमाळला असती तर आपली माणसं होती, आपली दाई होती. तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, रस्त्यात काई झालं असतं तर मायलेकी दोघी गेल्या असत्या. कुसुम पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मधुकर दाराशी यायचा, आत आपल्यापैकी कोणीतरी बसलेलं असायचं, तो तसाच मागे फिरायचा. आपल्या बायकोजवळ बसून दोन शब्द बोलायला त्या पोराला जागाच उरली नव्हती.

सातव्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या तुम्ही दोघी समुद्र बघून या. हसनभाईंची टॅक्सी सांगितली आहे. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, सगळा किनारा दाखवतील. साहेबांचे पाहुणे आले की तेच फिरवतात. मी घरीच आहे, रजा घेतली आहे."

मी म्हटलं, "असल्या दिवसांत फिरायला जायचं? लोक काय म्हणतील?"

तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. आणि म्हणालात, "जाऊ आम्ही."

आपल्याला घराबाहेर काढतो आहे, हे माझ्याही लक्षात आलं होतं. मला त्याचा राग आला. तुम्हाला आला नाही. रात्री भाकरी थापताना तुम्ही एवढंच म्हणालात, "नवरा-बायकोले एक दिवस तरी देऊ. लेकरू त्यांयचं गेलं, आपुनच बोंबलून राह्यलो." तुमचं माझ्याशी सरळ बोललेलं त्या आठवड्यातलं ते पहिलं वाक्य. मला ते टोचलं आणि पटलंही.

सकाळी काळीपिवळी नव्हे, जुनी काळी गाडी दाराशी आली. हसनभाई पन्नाशीचा, उंच, दाढीला मेंदी लावलेला माणूस. तुम्ही घाटंजीच्या बाजारात बोलता तशा हिंदीत त्याला विचारलंत, "भाई, गाडी आहिस्ते चलाते ना? हमको चक्कर आता."

तो हसून म्हणाला, "बाई, मी मराठीच बोलतो. आमच्या घरात सगळे कोकणीच बोलतात."

"मुसलमान हाय ना तुम्ही?"

"हो."

"मंग हिंदी येत नाई?"

"तुमच्याइतकी नाही येत."

तुम्ही पदर सावरून गाडीत चढलात. माझा तो दिवस तिथून थोडा बरा जायला लागला, ईनबाई, खरं सांगते. तुम्हाला कोणी निरुत्तर केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या सीटवर आपण दोन टोकांना बसलो. मध्ये भाकरीचं गाठोडं. तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, हापूसच्या बागा, काजूची झाडं. हसनभाई सगळ्याची नावं सांगत होता. कुठे कोणत्या साहेबाच्या बायकोला ओकारी झाली होती, तेही सांगत होता. मग एका चढावर त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "उतरा. इथून बघायचं असतं."

खाली समुद्र होता. रत्नागिरीत इतके दिवस राहून मी तो नीट पाहिलाच नव्हता. दवाखाना, घर, चूल, एवढंच. तो असा अचानक, इतका निळा, माडांच्या डोक्यांपलीकडे पसरलेला दिसला आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. आणि दुसऱ्या क्षणी मला लाज वाटली. नात जाऊन जेमतेम आठवडा झाला आणि मी समुद्र बघून हरखते आहे! मी मान खाली घातली. तुम्ही माझ्याकडे बघत होता की समुद्राकडे, कोण जाणे. म्हणालात, "इतकं पाणी! अन् प्यायले एक घोट कामाचं नाई." मग जरा थांबून, "पण दिसते चांगलं. पाहा तुम्ही. पाह्यल्यानं काई पाप लागत नाई."

हे तुम्हाला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

गणपतीपुळ्याला तुम्ही देवळाच्या बाहेरच थांबलात. "मले सुतक हाय. तुम्ही आईकडच्या, तुमचं फिटलं. जा तुम्ही, दर्शन घ्या." तिथला देव म्हणजे डोंगरच, प्रदक्षिणा घालायची तर डोंगराला वळसा घालावा लागतो. मी निघाले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला लाटा. चालता चालता मला रडू आलं. आठवडाभरात मी रडलेच नव्हते, कारण समोर तुम्ही होता. तुमच्यासमोर रडणं म्हणजे हरणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. त्या वाटेवर कोणी नव्हतं. मी मनसोक्त रडले, डोळे पुसले, पदर नीट केला आणि परत आले.

तुम्ही वाळूत बसला होता. शेजारी जरा अंतरावर हसनभाई उकिडवा बसलेला. तो खाली मान घालून काहीतरी सांगत होता आणि तुम्ही ऐकत होता. तुम्ही कोणाचं एवढा वेळ न तोडता ऐकता, हेच मला नवल वाटलं. मी जवळ आले तसा तो उठून गाडीकडे गेला.

तुम्ही म्हणालात, "ईनबाई, या भाईनंच मधुकरले नेलतं. त्या दिवशी."

"कुठं नेलं होतं?"

"लेकराले ठेवाले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दवाखान्यातून मधुकर आणि त्याच्या कचेरीतला एक शिपाई, दोघं बाळाचं गाठोडं घेऊन गेले होते. कुठे गेले, ते आपण विचारलं नव्हतं. बायकांनी विचारायचं नसतं आणि पुरुष सांगत नाहीत. मालगुंडच्या पुढे, जयगडच्या वाटेवर, एका लहान खाडीवर मधुकरच्या देखरेखीखाली रस्त्याखालच्या मोरीचं काम चाललं होतं. तिथली सुरूच्या झाडांमागची उंच जागा त्याच्या माहितीतली. भरतीचं पाणी तिथं चढत नाही. हसनभाईनं तिथंच गाडी नेली होती.

"आपुन तिथं जाऊ," तुम्ही म्हणालात.

"नाही," मी म्हटलं. "बायका जात नाहीत तिथं."

"काहून?"

"रीत नाही तशी."

"नऊ महिने पोटात ठेवाले बायका लागतेत, अन् मातीत ठेवलं ते पाहाले बायका नाई?"

"मी येणार नाही, ईनबाई. आणि तुम्हीही जाऊ नये. गेलेल्याच्या मागे जाऊ नये. मागे राहिलेल्या पोरीला त्याचं वाईट होतं."

"तुमाले भेव वाटून राह्यलं. तसं म्हणा ना."

"वाटतंय. तुम्हाला नाही वाटत?"

तुम्ही पायातली वाळू झाडलीत. "वाटते. मंग काय करू? वाटते म्हणून नाई जाऊ?"

हसनभाईला ते नको होतं. साहेबांनी देऊळ, किनारा आणि किल्ला एवढंच सांगितलं आहे, असं तो म्हणत राहिला. तुम्ही त्याला म्हणालात, "भाई, साहेब माह्या पोटचा हाय. त्याले मी सांगन. तुमच्यावर बोट येऊ देणार नाई." आणि तो तयार झाला. मालगुंड गेलं. मी भाकरीच्या गाठोड्यावर हात ठेवून बसले होते. मध्येच एकदा तुमचा हात त्यावर आला, माझ्या हाताजवळ, आणि तिथंच राहिला.

गाडी थांबली. तुम्ही उतरलात. मी बसून राहिले. काचेतून दिसत होतं. हसनभाई पुढे, तुम्ही मागे. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट करून वाळूत पाय रुतवत चालणारी तुमची ती पाठ. सुरूच्या झाडांत तुम्ही दिसेनाशा झालात. मी डोळे मिटले. मग मला काय झालं, ठाऊक नाही. तुम्ही तिथं एकट्या आहात, एवढंच मनात आलं. माझी नात आणि तुम्ही, आणि मी गाडीत. मी चपला तिथंच ठेवल्या आणि धावत आले. त्या वयात धावले!

तिथं काही नव्हतं. जांभ्याचे चार-पाच दगड होते, एकावर एक ठेवलेले. हसनभाई म्हणाला, कुत्र्यांचा त्रास नको म्हणून त्यानं आणि शिपायानं खाडीच्या कामावरून ते उचलून आणले होते. मग तो दूर गेला आणि आपल्याकडे पाठ करून उभा राहिला.

तुम्ही खाली बसला होता आणि त्या दगडांना रागावत होता. घरातल्या पोरीला रागवावं तसं. "यायचंच नोतं तर आलीच कायले व? तुह्या मायनं झबले शिवले, दोन दोन आज्या घाट उतरून आल्या. एक डाव तोंड उघडून रडली असती तर काय गेलं असतं तुहं?" तुमचा आवाज चढलेला. आणि त्याच आवाजात तुम्ही रडत होता. मी तुमच्या शेजारी बसले. तुम्ही बाजूला सरकून मला जागा केलीत.

वारा होता. मग मी ते विचारलं. आठवडाभर विचारायचं राहिलेलं. त्या दिवशी मी कुसुमजवळ आत होते. परिचारिकेनं बाळ लगेच बाहेर नेलं आणि दाखवलं ते तुम्हाला. मी तिचं तोंड पाहिलंच नव्हतं. आणि तुम्हाला विचारायचं म्हणजे काहीतरी तुमच्याकडे मागायचं, ते मला जमत नव्हतं.

"ईनबाई, कोणासारखी होती?"

तुम्ही माझ्याकडे वळलात आणि माझ्या तोंडाकडे नीट, निरखून बघितलंत. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण तुम्ही माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. "नाक तुमचं," तुम्ही म्हणालात. "हे असंच, जरा शेंड्याले वर. हनोटी कुसुमची. केस लय होते, काळेभोर. माह्यासारखं तिच्यात काईच नोतं." आणि नाक पुसत पुढे म्हणालात, "हात तेवढे होते वाटते. लांब बोटं. माहे हे असेच होते लहानपणी, माही माय सांगे."

तुम्ही हात पुढे केलात. मी तो धरला. लांब बोटं, कामानं जाड झालेली. तेवढं मी पाहिलं आणि मला माझी नात दिसली. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. विहिणींमध्ये आभार मानायची पद्धत नसते. आज मानते.

हसनभाईनं खाकरून सांगितलं की उशीर होईल, जयगड राहिला आहे. मी म्हटलं, आता कुठं किल्ला बघता! तुम्ही उठलात, लुगडं झटकलंत. "पाहू. घरी गेल्यावर पोरगं विचारीन, किल्ला कसा होता. काय सांगसान?" म्हणून आपण जयगडला गेलो. हसनभाईचा आवाज परत मोकळा झाला. किल्ला हजार वर्षांचा आहे, असं त्यानं दारातच सांगितलं. तटावर चढलो, खालची खाडी आणि होड्या बघितल्या. तिथं तो म्हणाला, पाचशे वर्षांपूर्वी हा तट बांधला. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "भाई, पायरी चढता चढता पाचशे वर्स कमी झाले?" तो खो खो हसला. मी हसले. तुम्ही हसलात. मग आपण तिघं तटाच्या सावलीत बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. हसनभाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो "छान आहे, छान आहे" म्हणत होता. तुम्ही त्याला गुळाचा खडा दिलात. समुद्र समोर होता. या वेळी मला तो बघायची लाज वाटली नाही.

आणि परतीच्या वाटेवर आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं, "हे कुसुमला सांगायला हवं. तिच्या पोटची आहे. कुठं आहे, ते तिला कळायला हवं."

तुम्ही म्हणालात, "नाई."

"तुम्ही स्वतः हट्टानं गेलात आणि तिला नाही म्हणता?"

"मी म्हातारी हावो. मी पाह्यलं अन् उठली. तिले जागा सांगसान त पोरीचं पाऊल तिथंच अडकन. रोज त्या दगडापाशी जाऊन बसन. अजून तिले लय दिवस काढाचे हाय, लेकरं व्हायचे हाय. पुढं जाऊ द्या तिले."

"ती तुमची सून आहे. माझी मुलगी आहे. आईला कळतं."

"आईले माया कळते. बाकीचं सासूले कळते," तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी आजवर विसरलेली नाही. "मी जित्ती हाय तोवर सांगू नोका, ईनबाई. मंग तुमचं तुम्ही पाहा."

मी तुमचं ऐकलं. का ऐकलं, हे तुम्ही मला पुढे एकदा विचारलं होतं आणि मी उडवून लावलं होतं. सांगते. तुम्ही नसता, तर मी त्या गाडीतून उतरले नसते. ती जागा मला तुमच्यामुळे मिळाली होती. जे तुमच्या हातून मिळालं, ते तुम्हाला डावलून दुसऱ्याला द्यायला मन होत नव्हतं, मग ती माझी लेक का असेना.

घरी आलो तेव्हा कुसुम भिंतीला टेकून उठून बसलेली होती. मधुकरनं तिला पेज भरवली होती, वाटी अजून त्याच्या हातात होती. दोघांचे डोळे सुजलेले. तिनं विचारलं, "कसा होता समुद्र?" आणि तुम्ही म्हणालात, "मोठा हाय बाप्पा. अन् किल्ला हजार वर्साचा."

त्यानंतर आपण भांडणं सोडली असं नाही. मधुकर अमरावतीला बदलून आला. कुसुमला परत दिवस गेले, आणि या वेळी बाळंतपण यवतमाळला, यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. उलट स्वतःच गाठोडं घेऊन आमच्याकडे येऊन राहिलात. सुनेच्या माहेरी सासू महिनाभर मुक्कामाला! गल्लीतल्या बायका दारातून डोकावून जायच्या. नातू रडला तेव्हा तुम्ही त्याला उचलून अंगणभर फिरवलंत, "रड बाप्पा, अजून रड" म्हणत. आणि दुपारी गहू निवडायला बसलो की मी हळूच विषय काढायची. आता तर सांगू या? आता तिच्या मांडीवर मूल आहे. तुम्ही खडे वेचत म्हणायच्या, "आता त नाईच. आता ती खुश हाय." दुःखात होती तेव्हा नाही, सुखात आहे तेव्हाही नाही. मी चिडायची. तुम्ही म्हणायच्या, "चिडा. पण सांगू नोका." मी घाटंजीला आले की तेच, लग्नाकार्यात भेटलो की तेच. दोघी बाजूला बसून कुजबुजताना बघून लोक म्हणायचे, या विहिणींचं फार जमतं. खरंच जमत होतं का आपलं? एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणाशी मी इतकं मनापासून बोलले नाही, हे खरं.

शेवटच्या आजारात मी तुम्हाला भेटायला आले, तेव्हा कुसुम महिनाभर तुमच्याजवळ होती. तुम्ही फार थकला होता. मला वाटलं, आता तुम्हीच विषय काढाल. तुम्ही काढला नाही. माझ्या हाताकडे बघत पडून राहिलात आणि "जेवण झालं का" एवढंच विचारलंत. मीही काढला नाही. मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं, असं वाटलं. आता वाटतं, भांडायला हवं होतं. तुम्हाला बरं वाटलं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, कुसुम आणि मी तुमची लुगडी वाटायला काढून घड्या घालत होतो. तुमची अट संपली होती. मी दार लोटलं आणि म्हटलं, "कुसुम, तुला एक सांगायचं आहे. सहा वर्षं सांगायचं राहिलंय."

तिनं घडी थांबवली नाही. म्हणाली, "जयगडच्या वाटेवरचं ना?"

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

तुम्ही तिला सांगितलं होतंत. त्या शेवटच्या आजारात, एका दुपारी ती तुमची वेणी घालत असताना. खाडी, सुरूची झाडं, दगड, सगळं. बाळाचं तोंड, केस, बोटं, सगळं. आणि वर म्हणाला होता, "तुही माय पह्यल्याच दिवशी सांगू म्हणत होती. मीच अडवलं. तिचंच बराबर होतं. तिच्यावर रागावू नोको."

तिचंच बरोबर होतं! सहा वर्षांत हे मला एकदा म्हणाला असता तर तुमचं काय बिघडलं असतं, ईनबाई? मी तिथं, तुमच्या लुगड्यांच्या ढिगात बसून, तुमच्यावर इतकी चिडले की कुसुम घाबरली. आणि मग मला असं रडू आलं, जे तुम्हाला नेलं त्या दिवशीही आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं, "तुला राग आला असेल. इतकी वर्षं आम्ही दोघींनी लपवलं."

तिनं थोडा विचार केला. माझी लेक विचार केल्याशिवाय बोलत नाही; हे तिनं तुमच्याकडून उचललेलं नाही. म्हणाली, "ऐकल्यावर एक दिवस आला होता. मग वाटलं, तेव्हा कळलं असतं तर मी रोज तिथं जाऊन बसले असते. यांनी कितीही समजावलं असतं तरी उठले नसते. सासूबाईंनी अडवलं ते बरंच केलं, आई. तेव्हा माझ्यात ताकद नव्हती. आता आहे."

म्हणजे बघा. तुम्ही जाता जाता माझी बाजू घेतलीत, आणि माझी लेक तुमची बाजू घेऊन बसली. मी कोणाशी वाद घालू?

ती म्हणते, हिवाळ्यात जाऊ. तिला ती जागा बघायची आहे. मधुकरही येतो म्हणाला, मुलं ह्यांच्याकडे राहतील. मी बरोबर चलावं असं तिला वाटतं, आणि मी हो म्हटलं आहे. गुडघे दुखतात, घाटात मळमळेल, तरी जाईन.

रात्रभर कुसुमचं बोलणं डोक्यात घोळत होतं. तिच्याकडे बघितलं तर मला पटतं. सहा वर्षांत ती हसायला लागली, मुलं झाली, घर मांडलं, आणि आता ती स्वतःच्या पायांनी तिकडे जायला निघाली आहे. तुमचंच बरोबर होतं, ईनबाई. तुमच्या तोंडावर हे मला कधी म्हणता आलं नसतं. तुम्हालाही माझ्या तोंडावर म्हणता आलं नाही.